कोंड्यावर पोसलेला रोहू : कोल्लेरू परिसरातल्या मत्स्यतळ्यांचा प्रकरण अभ्यास

मत्स्यशेतीच्या खर्चाचा हिशेब मांडला की सर्वांत मोठा आकडा खाद्याचा निघतो. निम्म्याहून अधिक पैसा माशांच्या तोंडात जातो, आणि साठवणूक (तळ्यात सोडलेल्या माशांची संख्या) दाट असेल तर हा वाटा आणखी वाढतो. त्यामुळे नव्या मत्स्यशेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेतातून, गिरणीतून, तेलघाण्यातून निघणारा कोंडा आणि पेंड टाकून मासे वाढतील का? बहुतेक ठिकाणी त्याला लगेच ‘हो’ असं उत्तर मिळतं. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कोंड्यावर मासे वाढतात, फक्त ते नुसत्या कोंड्यावर वाढत नाहीत. हा फरक ज्याला कळला नाही त्याला स्वस्त खाद्य फार महागात पडतं.

हा फरक नीट समजून घ्यायचा तर आंध्र प्रदेशातल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसराइतकं चांगलं उदाहरण आपल्या देशात नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी भाताच्या कोंड्यावर कार्प कुळातल्या (रोहू, कटला यांसारख्या) माशांची प्रचंड शेती उभी केली आणि तीही बरीचशी स्वतःच्या डोक्यानं. त्यांचं यश आणि त्याची किंमत, दोन्ही इथं मांडतो.

जागा, पाणी आणि भात

कोल्लेरू म्हणजे कृष्णा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांमधला खोलगट भाग. बुडमेरू, तम्मिलेरू यांसारखे प्रवाह त्यात येऊन मिळतात आणि उप्पुटेरू या एकाच वाटेनं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. पाणी यायच्या वाटा पुष्कळ आणि जायची एकच, म्हणून पावसाळ्यात आजूबाजूचं भातपीक वारंवार बुडायचं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथं सहकारी संस्थांमार्फत मत्स्यतळी खोदली गेली. पुढच्या दशकात खासगी शेतकऱ्यांनी बुडणारी भातखाचरं बांध घालून तळ्यांत बदलायला सुरुवात केली. कैकलूर, आकिवीडू, भीमावरम ही गावं माशांच्या व्यापारासाठी ओळखली जाऊ लागली. बर्फात भरलेला इथला रोहू आजही पश्चिम बंगाल आणि ईशान्य भारतापर्यंत जातो.

या विस्तारामागे आधीचं संशोधन होतं. १० जुलै १९५७ रोजी हीरालाल चौधरी यांनी भारतीय प्रमुख कार्प माशांचं संप्रेरकाच्या इंजेक्शननं प्रजनन घडवून आणलं आणि मत्स्यबीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज संपत गेली. १९७१ मध्ये संमिश्र मत्स्यपालनाचा (एकाच तळ्यात अनेक जाती वाढवण्याचा) अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याची शिफारस सहा जातींची होती : कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प), सायप्रिनस (कॉमन कार्प). पूरक खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात द्यावी, हेही तेव्हाच रूढ झालं. १९७४च्या सुमारास देशातल्या तळ्यांचं सरासरी उत्पादन हेक्टरी वर्षाला ६०० किलोच्या आसपास होतं, ते पुढे तीन टनांच्या घरात गेलं. कोल्लेरू परिसरातले चांगले शेतकरी हेक्टरी आठ-दहा टनांपर्यंत पोचले.

ते तिथवर पोचले कसे? शिफारस जशीच्या तशी पाळून नव्हे. सहा जातींमधून त्यांनी व्यवहारात दोनच ठेवल्या, रोहू मुख्य आणि त्याला थोडा कटला. मृगळ तळाशी राहतो, ओढजाळ्यात नीट येत नाही आणि बाजारातही मागे पडतो, म्हणून तो गळाला. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, थेट मोठ्या तळ्यात सोडण्याऐवजी ती आधी वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर ठेवायची आणि दीड-दोनशे ग्रॅमची झाली की मगच वाढीच्या तळ्यात सोडायची, ही त्यांची दुसरी युक्ती. अशी रोखून ठेवलेली पिल्लं जागा आणि खाद्य मिळताच झपाट्यानं वाढतात, शिवाय मरतुकही कमी होते. तिसरी युक्ती पोत्याची. तिच्याकडे मी सविस्तर वळणार आहे, कारण या प्रकरणाचं मर्म तिथं आहे.

गिरणीतून निघतं ते काय

शंभर किलो भात भरडलं की साधारण वीस किलो तूस आणि आठ-दहा किलो कोंडा निघतो. तूस म्हणजे वरचं टरफल. त्यात सिलिकाचं प्रमाण इतकं असतं की माशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कोंडा म्हणजे दाण्यावरचा पातळ तपकिरी थर आणि अंकुर. यात १२ ते १४ टक्के प्रथिनं असतात आणि तेलही चांगलं १५ टक्क्यांच्या आसपास असतं.

हे तेलच कोंड्याचा शत्रू ठरतं. भात भरडताना कोंड्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि तेलाचं विघटन काही तासांतच सुरू होतं. ताजा कोंडा गोडसर वासाचा असतो. तोच दमट हवेत आठ-पंधरा दिवस पडला तर खवट होतो, आणि असं खवट खाद्य माशांची वाढ मारतं. म्हणजे कोंडा ढिगानं मिळाला तरी साठवता येत नव्हता, आणि तळ्याला तर तो रोज लागतो.

कोल्लेरूच्या शेतकऱ्यांची ही अडचण तेल उद्योगानं सोडवली. कोंड्यातलं तेल द्रावक वापरून काढून घेतलं जातं आणि ते माणसांच्या खाण्यात येतं. मागे उरतो तेलरहित कोंडा, ज्याला बाजारात ‘डीओआरबी’ म्हणतात. त्यात तेल जेमतेम एखादा टक्का उरतं, प्रथिनांचं प्रमाण १४ ते १६ टक्क्यांपर्यंत जातं आणि कोरड्या गोदामात तो कित्येक आठवडे टिकतो. तेलातून मिळणारी ऊर्जा त्यात नसते हे खरं, पण दर्जा एकसारखा राहतो. चहूबाजूंना भाताच्या गिरण्या, जवळच तेलाचे कारखाने आणि मध्ये तळी असा योग जुळून आला. वाहतूक लांबची असती तर हे सगळं गणितच उभं राहिलं नसतं, हे विसरून चालणार नाही.

इथं गिरणीचा प्रकारही पाहावा लागतो. जुन्या हलर गिरणीत भात एकाच फेरीत सोललं आणि घासलं जातं, त्यामुळे तिच्या कोंड्यात तूस आणि कणी सरमिसळ झालेली असते. तूस वेगळं काढणाऱ्या आधुनिक गिरणीचा कोंडा स्वच्छ निघतो. तेलरहित कोंड्यातही वजन वाढवायला दळलेलं तूस मिसळण्याचे प्रकार होतात. परीक्षा सोपी आहे. मूठभर कोंडा तळहातावर चोळावा. चांगला कोंडा मऊ, पिठूळ लागतो, तूस असेल तर टोचतं आणि उजेडात त्याचे चकचकीत तुकडे दिसतात. मग तोच कोंडा काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ढवळावा आणि थोडा वेळ ठेवावा. रेती-माती झपकन तळाला बसते आणि टरफलाचे हलके तुकडे वर तरंगत राहतात. प्रयोगशाळेतला अहवाल याहून चांगलाच, पण गाडी दारात उभी असताना हा ग्लास कामाला येतो.

पोत्याची युक्ती

पिठासारखं खाद्य तळ्यात फेकलं की त्यातला मोठा भाग माशाच्या तोंडात जाण्याआधीच पाण्यात विरघळतो किंवा गाळात जाऊन बसतो. पूर्वी यावर उपाय म्हणून कोंडा-पेंडीचे गोळे करून टोपल्यांत ठेवायचे. शे-दोनशे माशांच्या तळ्याला ते ठीक आहे, पण कित्येक एकरांच्या तळ्यात गोळे वळत बसणं शक्य नाही.

कोल्लेरूकडच्या शेतकऱ्यांनी खताची रिकामी प्लास्टिकची पोती घेतली, त्यांच्या तळाकडच्या भागात ओळीनं भोकं पाडली आणि तळ्यात जागोजागी रोवलेल्या बांबूंना ती बांधली. सकाळी माणूस नावेतून जातो, प्रत्येक पोत्यात मिश्रण भरतो आणि पोतं पाण्यात सोडतो. कोंडा भिजून फुगतो, मासे येऊन भोकांना तोंड लावतात आणि ओढून ओढून खातात. काही दिवसांत त्यांना वेळेची इतकी सवय होते की नाव दिसताच बांबूंभोवती पाणी हलायला लागतं. पोत्याला धक्के देऊन रोहू जे उडवतो त्यातली बारीक पूड आसपासच्या पाण्यात पसरते, ती कटल्याच्याही वाट्याला येते आणि उरलेली पाण्याला खत म्हणून लागू पडते.

मला या पोत्याचं सर्वांत मोठं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. पोतं शेतकऱ्याला रोज माहिती देतं. चांगल्या तळ्यात पोती दोन-तीन तासांत रिकामी होतात. दुपारी फेरी मारली आणि पोतं अर्धं भरलेलं निघालं, तर काहीतरी बिघडलंय हे तिथंच कळतं. कदाचित पहाटे ऑक्सिजन खाली गेला असेल, आभाळ असेल, तापमान उतरलं असेल किंवा माशांना अर्ग्युलस ही उवेसारखी परजीवी लागली असेल. दुसऱ्या दिवशी खाद्य कमी करायचं की पाणी बदलायचं, हे त्या पोत्यावरून ठरतं. फेकलेल्या खाद्यात ही सोय नाही. ते खाल्लं गेलं की कुजलं, हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पोत्यालाही मर्यादा आहेत. धटिंगण मासे भोकं अडवून बसतात आणि बारके मागे राहतात, त्यामुळे एकाच आकाराची पिल्लं सोडणं गरजेचं ठरतं. पोती वेळच्या वेळी धुतली नाहीत तर आत आंबलेला थर साचतो. शिवाय रोज नाव फिरवायला माणूस लागतो, आणि मजुरी वाढली की हिशेब बदलतो.

प्रथिनांचं गणित, आणि त्यातली फट

पोत्यात नुसता कोंडा नसतो. बहुतांश वाटा तेलरहित कोंड्याचा, बाकी शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड, थोडं मीठ आणि खनिज मिश्रण. प्रमाण माशाच्या वयावर आणि पेंडीच्या भावावर हलत राहतं. समजा ८० भाग कोंडा १५ टक्के प्रथिनांचा आणि २० भाग शेंगदाणा पेंड ४२ टक्के प्रथिनांची घेतली, तर मिश्रणात सुमारे २० टक्के प्रथिनं येतात. पेंड दहा भागांवर आणली तर १८च्या खाली. आता कार्पच्या संपूर्ण आहारात वाढीच्या काळात २५ ते ३० टक्के प्रथिनं असावीत असं मानलं जातं. मग १८-२० टक्क्यांवर रोहू एक-सव्वा किलोचा होतो कसा?

उरलेली प्रथिनं तळं देतं. शेणखत, कोंबडी खत, युरिया, सुपर फॉस्फेट घालून या तळ्यांचं पाणी हिरवं ठेवलेलं असतं. त्यात वाढणाऱ्या प्राणी प्लवंगांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या) कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात आणि त्यांत लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लंही असतात, जी कोंडा-पेंडीत कमी पडतात. मासा प्लवंगातून शरीर बांधतो आणि कोंड्यातून हालचालीसाठी ऊर्जा घेतो. कोंडा नसता तर प्लवंगातली महाग प्रथिनं नुसती जाळण्यात गेली असती, आणि प्लवंग नसते तर कोंड्यावर मासा जेमतेम जगला असता. माझ्या दृष्टीनं या सबंध प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कोंडा हे पूरक खाद्य आहे, आणि ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ इथं अक्षरशः घ्यायचा : आधी तळ्यात काहीतरी असलं पाहिजे, तरच त्याला पूरक होता येतं.

आता पैशांचं. अशा पिठूळ मिश्रणाचे साधारण अडीच ते चार किलो घालावे लागतात तेव्हा एक किलो मासा मिळतो. कारखान्यात बनलेलं तरंगतं गोळी खाद्य दीड किलोच्या आसपास पुरतं. म्हणजे मिश्रण तीन किलो लागत असेल आणि गोळी दीड किलो, तर मिश्रणाचा भाव गोळीच्या निम्म्याहून कमी असेल तोवरच ते स्वस्त. मिश्रण चार किलोंवर गेलं तर त्याचा भाव गोळीच्या ३७ टक्क्यांच्याही खाली हवा. भावाची पाटी वाचून खाद्य स्वस्त ठरवू नये. एक किलो मासा काढायला लागलेल्या खाद्याची किंमत काढावी. या एका आकड्यासाठी रोजचं खाद्य वहीत लिहावं लागतं आणि महिन्यातून एकदा जाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोलावे लागतात. बहुतेक तोट्यातल्या तळ्यांवर ही वही सापडत नाही.

पाण्याच्या पोटात काय जातं

जे माशात उतरलं नाही ते कुठं जातं? हा हिशेब क्वचितच मांडला जातो, म्हणून इथं मांडून पाहू.

तीन किलो मिश्रण, १८ टक्के प्रथिनांचं, म्हणजे ५४० ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ८६ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात गेला. एक किलो माशाच्या अंगात सुमारे २७ ग्रॅम नायट्रोजन असतो. उरलेले जवळपास ५९ ग्रॅम तळ्यात राहिले. हेक्टरी आठ टन उत्पादन धरलं तर वर्षाला ४७० किलोंच्या घरात नायट्रोजन फक्त खाद्यातून तळ्यात पडतो. भाताच्या एका पिकाला हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो दिला जातो, हे शेजारी ठेवून पाहावं. यातला काही भाग प्लवंग घेतात आणि तो पुन्हा माशात येतो, काही वायुरूपात उडून जातो, बाकी गाळात आणि सोडलेल्या पाण्यात.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) चित्र आणखी वाकडं आहे. कोंड्यात स्फुरद भरपूर, पण त्यातला बहुतेक फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात अडकलेला. रोहू-कटल्यासारख्या कार्पना जठरच नसतं, त्यामुळे आम्लही नसतं, आणि फायटेट फोडणारं विकर तर जवळजवळ नाहीच. तीन किलो मिश्रणातून ४५ ग्रॅमच्या आसपास स्फुरद पाण्यात जातं आणि एक किलो माशात जेमतेम पाच ग्रॅम उतरतं. गंमत अशी की एवढं स्फुरद पोटातून जाऊनही माशाला ते कमी पडू शकतं, म्हणून खनिज मिश्रण वेगळं द्यावं लागतं. ते देतानाही जठर नसलेल्या माशाला मोनोकॅल्शियम फॉस्फेट डायकॅल्शियमपेक्षा चांगलं लागू पडतं. जनावरांचं खनिज मिश्रण उचलून माशांना घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जादा खताचा परिणाम पहाटे दिसतो. दिवसभर ऑक्सिजन सोडणारं दाट शेवाळ रात्री तोच ऑक्सिजन ओढून घेतं. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की समजावं, खाद्य आणि खत दोन्ही हाताबाहेर गेलंय. सलग दोन-तीन दिवस आभाळ राहिलं तर जाणते शेतकरी पोती अर्धीच भरतात, काही तर भरतच नाहीत. एक दिवस उपाशी राहिल्यानं रोहूचं काही बिघडत नाही.

पेंडीतले धोके

शेंगदाण्याची पेंड दमट जागी राहिली की तिच्यावर ॲस्परजिलस बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. या विषाचा शोधच खाद्यातून लागला : १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले आणि दोष शेंगदाणा पेंडीत निघाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या हॅचरींमधल्या रेनबो ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला आणि तिथं बुरशी लागलेली सरकी पेंड कारण ठरली. कार्प ट्राउटइतके नाजूक नाहीत. तरीही गोळे झालेली, हिरवट छटा आलेली, कुबट वासाची पेंड ‘माशांनाच घालायचीय’ म्हणून स्वस्तात घेणं मला अजिबात पटत नाही. जनावराला नको असलेली पेंड तळ्यात टाकायची ही सवय सोडली पाहिजे.

सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. ते लायसिनला बांधून ठेवतं, आणि लायसिन तर आधीच अपुरं. त्यामुळे प्रथिनांचा सगळा भार एकट्या सरकी पेंडीवर टाकू नये. दोन-तीन पेंडी मिसळलेल्या बऱ्या. सोयाबीनची पेंड अमिनो आम्लांच्या बाबतीत या सगळ्यांत सरस, पण कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारे घटक असतात आणि ते उष्णतेनंच निष्प्रभ होतात. घरचं सोयाबीन भरडून थेट तळ्यात टाकणं म्हणूनच वाया जातं.

फुकटचं काही उरत नाही

उपउत्पादनाला कुणी विचारत नाही तोवर ते स्वस्त. एकदा तळी, गोठे, कोंबडीपालन आणि खाद्य कारखाने सगळेच तेलरहित कोंडा मागू लागले की त्याचा भाव चढतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तेलरहित कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात पशुखाद्याचे भाव चढलेले होते, हे त्यामागचं कारण. गिरणीच्या कोपऱ्यात पडून राहणारा माल धोरणाचा विषय झाला होता. कोंड्यावर उभ्या असलेल्या मत्स्यशेतीला मासळीच्या बाजाराइतकंच पशुखाद्याच्या बाजारावरही लक्ष ठेवावं लागतं. भाव चढले की गोळी खाद्याकडे वळणं, किंवा लहान माशांना गोळी आणि मोठ्यांना मिश्रण अशी वाटणी करणं, हे पर्याय हाताशी ठेवलेले बरे.

सरोवरानंही किंमत मोजली. कोल्लेरू १९९९ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून अधिसूचित झालं आणि २००२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलं. तोवर सरोवराच्या पात्रातच तळ्यांचे बांध चढले होते. पुराचं पाणी पसरायची जागा आणि झोळीवाल्यांसारख्या (पेलिकन) पक्ष्यांचा अधिवास आक्रसत गेला. २००६ मध्ये प्रशासनानं अभयारण्यातल्या तळ्यांचे बांध फोडले. त्यात अनेक कुटुंबांची रोजीरोटी गेली, आणि हा वाद पुढेही धुमसत राहिला. वर मांडलेला नायट्रोजन-स्फुरदाचा हिशेब या वादातही मोजावा लागतो, कारण तळ्यातून सोडलेलं पाणी शेवटी सरोवरातच उतरतं. दोष कोंड्याचा नाही. पण स्वस्त खाद्यामुळे तळी परवडली आणि परवडली म्हणून ती जिथं नको तिथंही गेली, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे काय लागू पडतं

महाराष्ट्रात या अनुभवाच्या सर्वांत जवळ जाणारा भाग म्हणजे भंडारा-गोंदिया. भात आहे, गिरण्या आहेत, मालगुजारी तलाव आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा ढिवर समाज आहे. पण मालगुजारी तलाव हे मुख्यतः सिंचनाचे, पाणी वरखाली होणारे आणि सामायिक. तिथं हेक्टरी दहा टनांचं स्वप्न पाहू नये. तलावाच्या काठाशी छोटी संवर्धन तळी करून त्यांत पोत्यांवर बोटुकली वर्षभर मोठी करायची आणि मग ती मोठ्या तलावात सोडायची, हा कोल्लेरूच्या पद्धतीचा तुकडा मला तिथं सर्वांत उपयोगी वाटतो. गिरणी जवळ असेल तर ताजा कोंडा चार-पाच दिवसांत संपेल एवढाच आणावा, म्हणजे तेल काढण्याच्या कारखान्यावाचूनही भागतं. हिवाळ्यात विदर्भातलं पाणी आंध्रच्या किनाऱ्यापेक्षा बरंच थंड होतं. ते वीस अंशांच्या खाली गेलं की कार्पची भूक मंदावते, तेव्हा पोती कमी करावीत.

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात ढेप (पेंड) मुबलक, पण ती गाईम्हशींच्या तोंडची आहे. मत्स्यशेतकरी तिथं दुधाच्या धंद्याशी भावात स्पर्धा करत असतो, हे धरूनच हिशेब करावा.

आणि प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं? आज सर्वाधिक विचारणा त्याबद्दल होते, आणि नेमकं तिथंच कोल्लेरूचं अनुकरण फसतं. अस्तरामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, गाळातले जीव नसतात, प्लवंग टिकवणं अवघड जातं. तळं स्वतःकडून प्रथिनं देत नाही आणि मग पोत्यातला १८ टक्क्यांचा कोंडा पूरक राहत नाही, तोच सगळा आहार होतो. महिन्या-दोन महिन्यांत डोकं मोठं आणि अंग बारीक असे मासे जाळ्यात येऊ लागतात. अशा तळ्यात एक तर अस्तरावर मातीचा थर देऊन, शेणखत टाकून पाणी आधी हिरवं करावं आणि साठवणूक विरळ ठेवावी. नाहीतर सरळ गोळी खाद्य घ्यावं आणि कोंड्याचा नाद सोडावा. हिरवेपणा मोजायला कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा. तळहात अंधूक होत दिसेनासा झाला तर पाणी तयार आहे. बोटं लख्ख दिसत असतील तर पोती बांधायची वेळ अजून आलेली नाही, आणि मनगट बुडायच्या आतच हात दिसेनासा झाला तर त्या दिवशी खाद्य आणि खत दोन्ही बंद ठेवावं.